फुंकररावांचा कान

मोटारीतले सगळे फ्यूज एकाच वेळी काढून जेवणाच्या टेबलावर मांडायचे नसतात, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आमच्या गाडीचा एसी आठवडाभर लागत नव्हता. बटण दाबलं की त्यावरचा हिरवा दिवा इमानेइतबारे लागायचा, पंखाही वारा फेकायचा. पण तो वारा कालच्या भांडणासारखा, अजून गरमच. त्यात दोन दिवसांनी सासूबाईंना घेऊन चार तासांच्या प्रवासाला निघायचं होतं. सासूबाईंना उकाडा सोसत नाही, आणि न सोसणाऱ्या गोष्टी त्या मनात ठेवत नाहीत. म्हणून मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातले गृहस्थ हसतमुखानं म्हणाले, "घाबरू नका, बहुतेक वेळा नुसता फ्यूज उडालेला असतो." मी घाबरलो नाही. तिथेच चुकलं.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याला लागेल अशा जागी फ्यूजची पेटी असते. चिमट्यानं एकेक फ्यूज ओढून काढायचा, उजेडात धरून आतली तार बघायची आणि परत बसवायचा, असं व्हिडिओतले गृहस्थ म्हणाले होते. मी म्हटलं, एकेक कशाला, काम कसं पद्धतशीर करावं. अठराच्या अठरा काढले, जुन्या बनियननं पुसले आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून रंगवार मांडले. लाल एका रांगेत, निळे दुसऱ्या, पिवळे तिसऱ्या आणि हिरवे दोनच, ते कोपऱ्यात. बायको पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि थबकली.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "कुठला कुठे होता ते लिहून ठेवलंय ना?"

"रंगावरून कळतं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती सासूबाईंचीच मुलगी आहे याची मला अशा वेळी खात्री पटते.

रंगावरून जागा कळत नाही. पेटीत अठराच्या जागी सव्वीस खाचा होत्या. आठ खाचा आमच्या गाडीत नसलेल्या सोयींसाठी होत्या. आमच्यापेक्षा ऐपतदार लोक याच गाडीचं महागडं मॉडेल घेतात, त्यांच्यासाठी. मी अंदाजानं बसवत गेलो तेव्हा शेवटी, कुठे घालावा ते न कळून, एक निळा फ्यूज हातात उरला, आणि गाडी सुरू केल्यावर समजलं की चारही काचा बंद आहेत त्या बंदच राहणार, हॉर्न वाजणार नाही आणि पंखाही आता मुका झाला आहे. आमच्या गाडीत नसलेल्या गरम होणाऱ्या सीटला मात्र मी पक्कं संरक्षण दिलं होतं.

तशा त्या बंद डब्यात बसून मी गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या फुंकररावांकडे निघालो. वाटेत कोणाला रस्ता विचारायचा नव्हता हे नशीब; पण पार्किंगवाल्याला "आत जाऊ का?" विचारायला दार उघडावं लागलं, आणि ते त्याच्या गुडघ्याला लागलं. हॉर्न नसल्यामुळे मी त्याची माफीसुद्धा तोंडानंच मागितली.

फुंकरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्यांच्या दुकानाच्या परवान्यावर आहे, आणि परवाना शिलाईच्या मशीनमागे टांगलेला असल्यामुळे तो कोणी वाचत नाही. हा माणूस हातात आलेल्या कुठल्याही सुट्या भागावर फुंकर मारल्याशिवाय तो जागेवर बसवत नाही. स्क्रू असो, फ्यूज असो, रबराची रिंग असो. आधी ओठांचा चंबू, मग फू, मग काम. पूर्वी गिऱ्हाईकं पाठीमागे हसायची. मग एका गिऱ्हाइकानं घाई करून म्हटलं, "राहू द्या हो ती फुंकर," आणि त्याचा एसी चौथ्या दिवशी बंद पडला. तेव्हापासून लोक स्वतःच आठवण करतात, "फुंकर मारलीत ना?"

दुकान दोन भागांत आहे. पुढच्या भागात वहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. मागच्या भागात हे गाड्या गार करतात. दोन्ही भागांमधे मिळून एकच टेबलफॅन, आणि त्याचं तोंड वहिनींकडे. शहरातल्या निम्म्या गाड्या थंडगार करून सोडणारा हा माणूस स्वतः मार्चपासून बनियन पिळत हिंडतो. मी एकदा म्हणालो, "फुंकरराव, दुकानात एक एसी बसवा की." तर म्हणाले, "आणि बिघडला तर बघायचा कुणी?"

त्यांची काम करायची रीत ठरलेली. ते आधी गाडी बघत नाहीत, मालकाची उलटतपासणी घेतात. कधीपासून लागत नाही? लागायचा तेव्हा आवाज काय करायचा? कोणी हात लावला होता का? हा शेवटचा प्रश्न ते अशा स्वरात विचारतात की निरपराध माणूससुद्धा कबुली देईल. त्यानंतर मालकालाच बटण दाबायला लावायचं आणि स्वतः बॉनेट उघडून, डोळे मिटून, मान तिरकी करून उभं राहायचं. एसीचा पंप, ज्याला ते कंप्रेसर म्हणतात, तो जोडला गेला की 'टक्' असा आवाज येतो. त्या एका टक्‌वरून हा माणूस बिघाड सांगायचा. टक् आला नाही तर विजेची भानगड. येऊन लगेच गेला तर गॅस कमी. उशिरा, कुथत आला तर कंप्रेसर म्हातारा. दाब मोजायची दोन घड्याळं भिंतीवर होती, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आधी कान, मग घड्याळ. "कानानं सांगितलं ते घड्याळ खोटं ठरवत नाही," असं ते म्हणायचे, आणि वीस वर्षं ते खरंच होतं.

गेल्या वर्षापासून मात्र ते मी बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले होते. मला वाटलं माझ्या दातात काही अडकलंय. दोनदा मी घरी येऊन आरशात पाहिलं. अडकलं नव्हतं. अडकलं होतं ते त्यांचं घोडं, आणि ते कानापाशी.

हे वहिनींना माझ्याआधी कळलं होतं, बायकांना कळतं तसं. कुकरची शिट्टी ऐकू येईना, फोन वाजलेला कळेना, "अहो" म्हटलं तर लक्ष नाही. (शेवटच्या लक्षणावर मी जास्त भर देऊ नका असं सुचवलं, ते आमच्या घरीही आहे आणि माझे कान चांगले आहेत.) शेवटी थोरल्या मुलीनं बापाला धरून डॉक्टरकडे नेलं आणि कानात घालायचं यंत्र आणून दिलं. शेंगदाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं. ते त्या दिवसापासून डबीत, आणि डबी वहिनींच्या दोऱ्यांच्या रिळांच्या खणात.

त्यावरून जे भांडण झालं त्या वेळी मी सीट कव्हरचं माप द्यायला दुकानात होतो, म्हणून मला साक्षीदार व्हावं लागलं.

"चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो," फुंकरराव म्हणाले. "कानात बूच घातलं की म्हातारा!"

"तुम्ही दोन्ही नाही आहात, तर काळजी कसली?" वहिनी.

"अगं, लोक माझ्याकडे कानासाठी येतात. आंधळ्या न्हाव्यापुढे मान देईल का कोणी? कानाचं यंत्र बघितलं की उद्यापासून हे दुकान नुसतं कव्हरांचं."

हे ते हसत म्हणाले, पण हातातला पाना त्यांनी तीनदा उलटसुलट केला. मला तेव्हा कळलं की गोष्ट थट्टेची नाही. या माणसाच्या अंगात एकच कला होती, आणि ती गेली की काय, हे तपासून बघायचीच त्याची हिंमत होत नव्हती.

वहिनींनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला. "बरं. ज्या दिवशी गाडीच्या आवाजात तुमचा कान चुकेल, त्या दिवशी घालायचं. कबूल?"

"चुकणारच नाही!"

"भाऊसाहेब, ऐकलंत ना?" वहिनी माझ्याकडे वळल्या.

मी ऐकलं होतं. तिथे ऐकू येणारा मीच होतो, हीच अडचण.

तर त्या दिवशी मी घामानं निथळत दारात उभा राहिलो. फुंकररावांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं, हातातल्या निळ्या फ्यूजकडे पाहिलं आणि उलटतपासणीतला शेवटचा प्रश्न पहिला विचारला.

"कोणी हात लावला?"

"मी."

"किती काढले?"

"सगळे."

त्यांनी पेटीचं झाकण काढून माझ्यासमोर उलटं धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कुठे, याचं स्वच्छ चित्र छापलेलं होतं. मी ते झाकण काढून, पुसून, नीट बाजूला ठेवलं होतं. पालथं.

"शिकलेले दिसता," ते म्हणाले. वहिनी मशीनवर वाकून खुसखुसल्या.

पाच मिनिटांत, अठरा फुंकरी मारून, त्यांनी सगळे फ्यूज आपापल्या जागी बसवले. काचा खाली आल्या, हॉर्न वाजला, पंखा फिरू लागला. आता मूळ दुखणं. मी गाडीत बसलो, इंजिन सुरू केलं. फुंकरराव बॉनेटवर वाकले, डोळे मिटले, मान तिरकी केली.

"दाबा!"

मी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"दाबा की!"

"दाबलंय!"

"टक् नाही," ते म्हणाले. "पंपापर्यंत करंटच पोचत नाही. विजेची भानगड."

गाडीत पंख्याच्या घरघरीमुळे मला काही समजलं नाही. गुरूंनी निदान केलं, आपण मान डोलावली. मग सुरू झाली विजेची शोधाशोध. पंपाला करंट देणारी काळी डबी असते, तिला रिले म्हणतात. तसलीच डबी हॉर्नलाही असते. त्यांनी दोन्हींची अदलाबदल केली. टक् नाही. वायरींना करंट तपासायचा दिवा लावून पाहिला, दिवा लागला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. करंट पोचतोय, मग टक् का नाही? त्यांनी डॅशबोर्डचा खालचा पत्रा उतरवला. मग बाजूचा. तासाभरात माझ्या गाडीच्या पोटातल्या अशा वस्तू बाहेर आल्या की त्यांची तिथे गरज होती यावर माझा विश्वास बसेना.

वहिनींचं मशीन दोन-तीनदा थांबलं आणि पुन्हा चाललं. शेवटी त्या न राहवून म्हणाल्या, "अहो, लागतोय तो."

हे सीटखाली डोकं घालून होते.

"अहो! पंप लागतोय! मला इथे ऐकू येतोय."

फुंकरराव बाहेर आले. "तुझ्या मशीनचा आवाज असेल."

वहिनींनी मशीनचं बटण बंद केलं. मग उठून टेबलफॅनही बंद केला, आणि तो त्या दुकानात मी प्रथमच बंद पाहिला. मला त्यांनी खुणेनं बोलावलं. मी गाडीतला पंखा अगदी हळू केला, एसीचं बटण दाबून ठेवलं आणि बॉनेटपाशी येऊन उभा राहिलो. नुसतं इंजिन गुरगुरत होतं.

टक्. आणि श्वास घ्यायच्या आत पुन्हा टक्. मग थोडी शांतता. मग टक्-टक्.

येऊन लगेच जाणारा. गॅस कमी! वीस वर्षं त्यांच्या दारात उभं राहून एवढं मलाही यायला लागलं होतं. मी मान वर केली, आणि पाहिलं तर फुंकरराव गाडीकडे बघतच नव्हते. ते आळीपाळीनं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, टक् कधी येतो ते कळावं म्हणून.

"आला?" त्यांनी मला विचारलं. हळूच. त्यांना हळू बोलताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

खोटं बोलायची मला सवय आहे. संसारी माणूस आहे मी. पण एका बाजूला हा माणूस आणि दुसऱ्या बाजूला वहिनी, मधे मी साक्षीदार. "म्हणजे... काहीतरी... तसं बघायला गेलं तर..." असं मी काहीबाही बोललो. माझ्या तोंडाकडे टक लावून बघणाऱ्या माणसाला तेवढं पुरलं.

भिंतीवरचा हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्यांनी काढला. कंप्रेसर इंजिनच्या मागे, खाली अंधारात बसलेला असतो. वरून दिसत नाही. त्यांनी चाचपत चाचपत स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवलं, आणि लाकडी मूठ चक्क दातांत धरली. डोळे मिटले.

आम्हाला टक् ऐकू आला त्याच क्षणी त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या टक्‌ला आणखी वर.

"अँऽ अँई!" ते म्हणाले.

"मूठ काढा तोंडातून," वहिनी म्हणाल्या.

"गॅस नाही!" ते ओरडले. "येतोय आणि जातोय! गॅस गळालाय! कोण म्हणतं ऐकू येत नाही? मला दातानं ऐकू येतं!"

आणि मग तो माणूस असा कामाला लागला की बघत राहावं. साबणाचा फेस केला, ब्रशनं नळ्यांच्या जोडांवर लावत गेले. तिसऱ्या जोडावर एक इवलासा बुडबुडा उठला, फुगला, फुटला. "हा बघा चोर!" आतली रबराची रिंग चिरली होती. नवी रिंग, तिच्यावर फुंकर. नळ्यांतली हवा यंत्रानं ओढून काढली, मापानं गॅस भरला. डॅशबोर्डचे पत्रे परत चढवले आणि आश्चर्य म्हणजे एकही स्क्रू उरला नाही. हे मी मनातच ठेवलं आणि नंतर बायकोला सांगायचं टाळलं.

"बसा आत. दाबा."

मी दाबलं. एक मिनिट काही नाही, आणि मग त्या जाळीतून अशी गार हवा आली की सासूबाईंबद्दल माझ्या मनात एकदम चांगले विचार आले. फुंकरराव शिट्टी वाजवत हात पुसत होते. प्रकरण मिटलं असं त्यांना वाटत होतं.

वहिनींनी बॉनेटवर डबी ठेवली.

"हे काय?" फुंकरराव.

"ठरलं होतं."

"सापडला की दोष! मीच सापडवला ना?"

"सापडवलात. दातानं. बोली कानाची होती. तासभर चांगली गाडी खोलून बसलात त्याचं काय?"

"भाऊसाहेब, तुम्हीच सांगा," ते माझ्याकडे वळले, "मी चुकलो?"

आता तोंडात शब्द घोळवून चालणार नव्हतं. मी त्यांना दिसेल असं, सावकाश म्हणालो, "फुंकरराव, आवाज पहिल्यापासून येत होता."

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"तू इथे नसतीस तर मी यांचा कंप्रेसर बदलला असता," ते वहिनींना म्हणाले. "चांगला कंप्रेसर. फेकून दिला असता. आणि हे मान डोलावून गाडी घेऊन गेले असते."

हे खरं होतं. मी मान डोलावलीच असती.

"लोक काय म्हणतील?" असं ते पुटपुटले, पण त्यात आता जोर नव्हता.

"लोक म्हणतील, एसी लागला," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डबीतून यंत्र काढलं, सुईत दोरा ओवायच्या सफाईनं नवऱ्याच्या कानात बसवलं आणि बारीकसं बटण फिरवलं.

फुंकरराव दचकले. मग "हॅलो" म्हणाले, कोणालाच नाही, आणि स्वतःच्या आवाजाला पुन्हा दचकले. "मी इतका ओरडतो?"

"वर्षभर," वहिनी म्हणाल्या आणि वळून टेबलफॅन सुरू करायला गेल्या. फॅन लावायची तशी घाई नव्हती. पण डोळ्यांना पदर लावायला पाठ फिरवावी लागते.

फुंकरराव मान तिरकी करून दुकान ऐकत होते. फॅनची खरखर, रस्त्यावरची सायकल, कोणाच्या तरी चपला. माझी गाडी समोर सुरूच होती. मलाही गहिवरून आलं. दुकानाच्या दारात, उन्हात, कुठेतरी बारीक चिवचिव चालली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "फुंकरराव, किती दिवसांनी ऐकलीत हो ही चिमण्यांची चिवचिव!"

त्यांनी डोळे मिटून क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "चिमण्या कसल्या, तुमच्या इंजिनचा पट्टा चिरकतोय."